सव्वीस तासांचा दिवस

अर्थशास्त्र विभागात तिला सगळे बेरीजबाई म्हणत. चहा पिताना कुणी आकडा फेकला, की ती मनातल्या मनात बेरीज करून बघायची आणि जुळली नाही तर फेकणाऱ्याकडे नुसती बघत राहायची. विद्यार्थी तिला टरकून असत, तरी वर्ग भरायचा तो तिच्याच तासाला. चौदा वर्षं ती कंत्राटी व्याख्याती होती, कारण पीएचडी नव्हती. आणि पीएचडी नव्हती, कारण प्रबंध मार्गदर्शकांच्या कपाटात पडून होता.

मार्गदर्शक म्हणजे विभागप्रमुख. पाठीमागे त्यांचं नाव प्रस्तावनासर, कारण वर्षभर प्रस्तावनाच चालायची आणि विषय यायच्या आत परीक्षा यायची. तिच्या प्रबंधाबद्दल त्यांचं एकच वाक्य होतं, "बाई, अजून जरा कच्चं आहे." हे एक वाक्य त्यांनी सहा वर्षं पुरवून पुरवून वापरलं.

प्रबंध घरी बसून शर्ट शिवणाऱ्या बायकांवर होता. सहाशे बायकांची दारं तिने स्वतः ठोठावली होती, प्रत्येकीचा चोवीस तासांचा दिवस फॉर्मवर उतरवून घेतला होता. फॉर्म संगणकात भरायचे विद्यार्थी. ते तपासून भरतात की डोळे मिटून, हे कळावं म्हणून शंभर फॉर्मांमागे एक खोटा फॉर्म घुसडायची तिची पद्धत होती. त्यातली बाईही खोटी आणि तासांची बेरीजही चुकीची. खोट्या फॉर्मांची यादी आधीच पाकिटात बंद करून, वर तारखेचा शिक्का मारून ती ग्रंथपालबाईंकडे ठेवायची. काम संपलं की ते फॉर्म काढून टाकायचे.

तीनशे बारा नंबरचा खोटा फॉर्म लिहिताना तिला आई आठवली होती. आई जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. शिवण नऊ तास, स्वयंपाक पाच, धुणीभांडी आणि पाणी चार, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं तीन, झोप पाच. सव्वीस झाले. आईचा दिवस तेवढा होताच, असं तिला वाटलं होतं.

मग तिचा पाय मोडला आणि ती तीन महिने घरी होती. परत आल्या आल्या सरांनी तिच्या टेबलावर एक लेख ठेवला. "बाई, तेवढे तक्ते नीट लावून द्या. तुमचा हात साफ आहे."

लेख म्हणजे तिचं चौथं प्रकरण होतं, अगदी स्वल्पविरामांसकट. वर नाव फक्त सरांचं. तळाशी तिचे आभार होते, तक्त्यांच्या मांडणीबद्दल. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थेट त्यांच्या खोलीत जाऊन लेख तोंडावर फेकावा म्हणून ती उठलीही. तेवढ्यात तिसरं पान दिसलं. प्रबंधासोबत कपाटात ठेवलेले जे फॉर्म त्यांनी उचलले होते, ते खोटे काढून टाकण्याआधीचे होते. आणि लेखाची नायिका होती तीनशे बारा.

"या माउलीच्या ओट्यावर मी दोन तास बसलो," सरांनी लिहिलं होतं. "सांगता सांगता तिचे डोळे भरून आले."

बेरीजबाई खाली बसली. एक शब्द टाकला असता तर माणूस वाचला असता. तिने तो गिळला. तक्ते मात्र इतके देखणे लावून दिले की सर खूश होऊन म्हणाले, "तुमच्याशिवाय माझं पान हलत नाही."

महिनाभराने सरांचं व्याख्यान झालं. विद्यापीठाच्या संशोधन संस्थेचं संचालकपद मोकळं होतं, त्यासाठी उमेदवारांची जाहीर व्याख्यानं ठेवली होती आणि निवड समिती पहिल्या रांगेत बसली होती. ते पद मिळालं असतं तर तिचा प्रबंध कायमचा गाडला गेला असता. पडद्यावर तीनशे बारा झळकली. सरांनी आवाज ओला केला, ओट्याचं वर्णन केलं. प्रश्न विचारायची वेळ आली तशी ती उठली.

"सर, या बाईंना तुम्ही स्वतः भेटलात?"

"अर्थात! अजून चेहरा डोळ्यांसमोर आहे."

"मग पडद्यावरच्या तासांची बेरीज कराल का? मोठ्याने."

सर हसत हसत करू लागले. अठरापर्यंत हसू टिकलं. एकवीसला त्यांनी झोपेच्या आकड्याकडे बघितलं. "सव्वीस," मागून कुणीतरी म्हणालं. सभागृहात खसखस पिकली.

"ती बाई नाहीच, सर. माझा खोटा फॉर्म आहे तो. पाकीट आणलंय."

ग्रंथपालबाईंनी समितीसमोर पाकीट फोडलं. शिक्का आठ वर्षांपूर्वीचा होता. अध्यक्षांनी यादी वाचली, चष्मा काढला आणि सरांकडे न बघता "पुढचे उमेदवार" म्हणाले. बेरीजबाईला इतकं गार वाटलं की तिला स्वतःचीच थोडी लाज वाटली. फार नाही.

बाहेर सर जिन्याचा कठडा धरून उभे होते. "बाई, आधी सांगायचंत ना."

"तेव्हा जरा कच्चं होतं," ती म्हणाली आणि हात पुढे केला. "कपाटाची किल्ली."

तिचा प्रबंध खालच्या कप्प्यात होता, मुखपृष्ठावर चहाच्या कपाचा गोल डाग. त्याच्याखाली सुतळीने बांधलेले आणखी दोन प्रबंध होते, दोघींची नावं तिच्या ओळखीची. सोडून गेल्या, घरच्या अडचणी होत्या, असं सर सांगायचे.

तिने तिन्ही उचलले आणि त्यांच्याच खोलीतल्या फोनवरून पहिलीला फोन लावला.