काठमांडूतला गडी

भुवनेश्वरीचा पासपोर्ट घरी आला तेव्हा तिच्या वडलांनी तो आधी देवापुढं ठेवला. त्यावर विभूतीचं बोट ओढणार, तेवढ्यात तिची आई शांतम्मा आतून ओरडल्या, "लावू नका. सरकारी हाय ते. लांबनंच पाया पडा."

भीमाशंकर लांबनंच पाया पडले. मग पासपोर्ट पिशवीत घालून गल्लीत दाखवायला निघाले. त्यांची सगळी उमर सोलापूरच्या मार्केट यार्डात, ज्वारीच्या अडतीवर गेली होती. घरातलं माणूस इकडं पुण्यापर्यंत आणि तिकडं कर्नाटकात इंडीपर्यंत गेलेलं. त्यापलीकडं कुणी नाही.

कोपऱ्यावर गुरुलिंगची पिठाची गिरणी.

"पोरगी फॉरेनला चाललीया खेळायला," भीमाशंकर म्हणाले.

"कुटं?"

"काठमांडू."

गुरुलिंगनं हाताचं पीठ झटकलं आणि पासपोर्ट उलटापालटा करून बघितला. "काका, नेपाळला पासपोर्ट लागत न्हाय की. आमची आत्या पशुपतीला जाऊन आली, मतदानकार्डावर."

"ती देवाला गेलती. ही खेळायला चाललीया. खेळाडूला लागत असंल."

"असंल बाबा. शिक्का मारून आला की दाखवा."

भुवनेश्वरी तेव्हा घरात गुडघ्याला पट्टी गुंडाळत बसली होती. तिला हे सगळं ऐकू येत होतं. उठून बाहेर जावं आणि अप्पांना घरात आणावं असं तिला वाटलं. पण उठायचा कंटाळा आला. हल्ली तिला उठायचाच कंटाळा येई.

ती एकोणतीस वर्षांची होती. पाचवीत असताना शाळेच्या मैदानावर पहिल्यांदा खो-खो खेळली, तेव्हापासून खेळतच होती. राज्याच्या शिबिराला दरवर्षी बोलावणं यायचं. शिबिराच्या शेवटी यादी लागायची. यादीत नाव नसायचं. एकदा होतं, तर ऐन वेळी गुडघा गेला. बरोबरीच्या मुली पोलिसात लागल्या, रेल्वेत लागल्या, लग्न होऊन गेल्या. ही एका खासगी शाळेत कंत्राटावर खेळाची शिक्षिका झाली. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याची गादी झिजली, आता थांबा. तिलाही थांबायचंच होतं. फक्त रिकाम्या हातानं थांबायचं नव्हतं.

"देशाबाहेर एक सामना," ती आईला म्हणाली होती. "त्यात एक गडी बाद करायचा. माझ्या हातानं. मग बूट काढून ठेवते. तू म्हणशील तसं."

"एकच?" शांतम्मांनी विचारलं.

"एकच."

"मग कर की. एवढं काय त्यात."

संध्याकाळी शाळा सुटल्यावर ती गल्लीतल्या आणि आसपासच्या मुलींना मैदानावर खो-खो शिकवायची. खो-खोत आठ जणी ओळीनं उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. नववी पाठलाग करते; तिला ओळ ओलांडता येत नाही. दमली किंवा गडी पलीकडं गेला, की बसलेल्या एकीच्या पाठीवर हात मारून 'खो' म्हणते. ती उठते, ही तिच्या जागेवर बसते. म्हणजे पळणाऱ्या सोडून रोज नऊ जणी लागतात. कुणाची शिकवणी असायची, कुणाच्या घरी पाहुणे यायचे. नऊ कधी भरायच्या नाहीत. मग भुवनेश्वरी स्वतः ओळीत बसायची.

बसायची, पण तिनं एक नियम केला होता. ताईनं गडी मारायचा नाही. ताईला खो मिळाला की ताईनं उठायचं आणि लगेच शेजारच्या मुलीला खो द्यायचा. गडी मारायची सवय मुलींना लागली पाहिजे, ताईला लागून काय उपयोग? अशी किती वर्षं गेली कुणास ठाऊक. खो आला की द्यायचा.

त्या मुलींतलीच एक आरोही. मूळची वेळापूरची, शिकायला सोलापुरात मामाकडं राहिलेली. आली तेव्हा तिला नीट बसताही यायचं नाही. आता सतरा वर्षांची होती. काठमांडूच्या यादीत तिचं नाव सगळ्यांत वर होतं. भुवनेश्वरीचं सगळ्यांत खाली.

"ताई, आपुन दोघी!" आरोहीनं मैदानावर येऊन तिला मिठी मारली. "मी तुमच्याच शेजारी झोपणार."

"झोप. पण घोरू नको."

पुण्याला संघ जमला. तिथून रेल्वेनं गोरखपूर. डब्यात पाणी संपलं, मग पंखाही बंद पडला. महेश्वर सर, संघाचे प्रशिक्षक, वरच्या बर्थवर झोपून होते. मुलींचे पाय सुजले. भुवनेश्वरी एकेकीचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळत होती. कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांत मोठी होती, म्हणून तिच्याकडं ते आपोआप आलं. गोरखपूरहून बस. सीमेवर उतरून सगळे चालतच एका कमानीखालून पलीकडं गेले. शिपायानं पिशव्यांकडं बघितलं, पासपोर्ट मागितलाही नाही. भुवनेश्वरीनं तो हातात धरला होता. थोडं पुढं गेल्यावर तिनं मागं वळून बघितलं. अलीकडं जशी चहाची टपरी, तशीच पलीकडं.

"ताई, आलं फॉरेन?" आरोहीनं विचारलं.

"आलं म्हणायचं."

काठमांडूत सामने एका मोठ्या हॉलमध्ये होते. खाली निळी मॅट. सोलापुरात मुरमावर खेळायचं, पडलं की कोपर सोलून निघायचं. इथं पडलं तरी लागत नव्हतं. मुली हसत हसत पडत होत्या. आरोही सूर मारायची तेव्हा हॉलमधले लोक उभे राहायचे.

भुवनेश्वरी बाकावर. पहिल्या सामन्यात बाकावर, दुसऱ्यात बाकावर. बाटल्या भरायच्या, टॉवेल द्यायचा, घोट्याला पट्टी बांधायची. सर एकदा म्हणाले, "तू आहेस म्हणून मला मुलींकडं बघावं लागत नाही." त्यांना हे चांगलं बोलल्यासारखं वाटलं असावं. तिनं मान हलवली. रात्री घरी फोन लावला तर पहिला प्रश्न अप्पांचाच.

"गडी?"

"अजून न्हाय, अप्पा."

"बरं बरं. उद्या."

साखळीतला शेवटचा सामना भूतानच्या मुलींशी होता. त्यांना खेळ नवा होता. सामना लवकरच हातात आला. महेश्वर सरांनी मागं न बघताच हाक मारली, "भुवनेश्वरी, जा. शेवटची पाळी तू बस."

तिनं बुटाच्या नाड्या सोडल्या आणि पुन्हा बांधल्या. मॅटला हात लावून कपाळाला लावला. हाताला मातीचा वास आला नाही. आरोहीच्या शेजारच्या चौकोनात जाऊन ती बसली. गुडघ्यात कळ आली, पण बसता आलं. आरोही पलीकडं तोंड करून बसली होती. तशीच, न वळता ती पुटपुटली, "ताई, आज मारायचा हां."

बराच वेळ तिच्याकडं काही आलंच नाही. खो तिच्या मागून गेला, पुढून गेला. मग तिच्या पाठीवर हात पडला.

"खो!"

ती उठली. समोर भूतानची एक मुलगी होती. वळताना तिचा पाय मुरगळला होता आणि ती वाकून उभी होती, एक हात गुडघ्यावर. धाप लागलेली. मान वर करून तिनं भुवनेश्वरीकडं बघितलं. पळायला तिच्यात काही उरलं नव्हतं. हात लांब केला असता तर तिच्या खांद्याला लागला असता.

भुवनेश्वरीचा हात लांब झाला. आरोहीच्या पाठीवर पडला.

"खो," ती म्हणाली.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. आरोही उठली ती पलीकडच्या बाजूला, कारण तिचं तोंड तिकडं होतं. गडी अलीकडं राहिला. सर ओरडले, "अगं, ए!" आरोही तशीच खांबापर्यंत पळाली, खांबाला वळसा घालून या बाजूला आली आणि लंगडत निघालेल्या त्या मुलीला तिनं गाठलं. शिट्टी झाली. टाळ्या झाल्या.

आरोहीची जागा रिकामी होती. भुवनेश्वरी त्या जागेवर बसली. नियमच तसा आहे.

पुन्हा तिच्याकडं खो आला नाही. पाळी संपली. त्यानंतरचे सामने आरोहीनं जिंकून दिले. पदक सगळ्यांना मिळालं, तिलाही.

परतीच्या बसमध्ये आरोही तिच्या शेजारी बसली होती. डोंगर उतरेपर्यंत ती पदक उलटसुलट करत होती. मग म्हणाली, "ताई, ती समोर हुती की."

"हुती."

"मग का सोडली?"

"सोडली न्हाय गं. हात गेला."

"आपल्या मैदानावर देता तसा?"

आरोहीनं तोंड खिडकीकडं केलं. ती रडत होती. भुवनेश्वरीनं तिच्या अंगावर शाल टाकली आणि डोळे मिटले. तिला रडू येत नव्हतं. फक्त झोप येत होती, किती झोपलं तरी पुरणार नाही अशी.

घरी आल्यावर शांतम्मांनी भाकर तुकडा ओवाळून टाकला. भीमाशंकरांनी पासपोर्टचं पान न् पान उलटलं.

"शिक्का?"

"न्हाय मारला, अप्पा. कुणी विचारलंच न्हाय. चालतच पलीकडं गेलो."

"बरं." पासपोर्ट मिटून त्यांनी गुडघ्यावर ठेवला. "मग गडी?"

"न्हाय."

"एकपण?"

"न्हाय."

"मग तितं जाऊन केलंस काय?"

"खो दिला."

शांतम्मा ताट घेऊन आल्या. "आधी जेवू दे तिला," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी गिरणीसमोरून जाताना भुवनेश्वरीनं अप्पांचा आवाज ऐकला, "बारीक मारत्यात म्हणं शिक्का. आपल्याला दिसत न्हाय."

संध्याकाळी ती मैदानावर गेली. न जाण्याचाही कंटाळा आला होता. आरोही नव्हती, तिचा कुठंतरी सत्कार होता. मुली मोजल्या. एक कमी. तिनं शिट्टी गळ्यात अडकवली आणि ओळीत बसली.

खेळ सुरू झाला. मधल्या चौकोनात ती खाली मान घालून बसली होती. समोर लाल मुरूम, त्यात कुणाच्या तरी तुटलेल्या नाडीचं टोक. पाठीवर लहानसा हात पडला.

"खो, ताई!"

ती उठली. शेजारची मुलगी पाठ ताठ करून वाट बघत होती. भुवनेश्वरीनं तिला खो दिला नाही. ती पळाली.

"ताई!" कुणीतरी किंचाळलं. "ताई, खो द्यायचा असतो की!"

पुढं पळत होती ऋतुजा, सातवीतली. ताई मागं येतेय हे बघून ती गोंधळली आणि हळू झाली. भुवनेश्वरी तिच्या पाठीपर्यंत पोचली आणि हात आवरून थांबली.

"पळ की गं. थांबलीस कशाला?"

"तुमी... तुमचा गुडघा..."

"गुडघा माझा हाय. तू पळ."

मग ऋतुजा खरी पळाली. सरळ खांबाकडं, शिकवली होती तशी, शेवटच्या क्षणी खांद्यानं हूल देत. हूल चांगली होती. ती तिला भुवनेश्वरीनंच शिकवली होती, म्हणून भुवनेश्वरी फसली नाही. गुडघ्यातून कळ वर गेली. अंतर वाढत होतं. आणखी दोन पावलं आणि पोरगी सुटली असती. भुवनेश्वरीनं सूर मारला.

कोपर मुरमावर घासलं. बोटांना ऋतुजाची टाच लागली.

ती पालथी पडून राहिली. नाकातोंडात माती गेली होती. ऋतुजा वळून उभी होती, बाकीच्या जणी अजून आपापल्या जागेवर उकिडव्या. शिट्टीची वाट बघत होत्या. शिट्टी झाल्याशिवाय गडी बाद होत नाही, हे त्यांना तिनंच सांगितलं होतं.

शिट्टी तिच्या गळ्यात होती, अंगाखाली दाबली गेलेली. तिनं ती ओढून काढली, शर्टाला पुसली. पडल्या पडल्याच तोंडात धरली आणि वाजवली.

"बाद," ती ऋतुजाला म्हणाली. "जा, बाहेर बस."

मग ती कशीबशी उठून खांबाला टेकून बसली आणि बुटाच्या नाड्या सोडू लागली. गाठ घट्ट बसली होती. सुटायला वेळ लागला.