नवरा मारत नाही, मी रग्बी खेळते

मी रग्बीपटू झाले ती आधार कार्डाच्या झेरॉक्सवर. त्यासाठी पळावं लागलं नाही की पडावं लागलं नाही. सोलापुरातल्या एका माध्यमिक शाळेत मी कारकून आहे. आमच्या मैदानावर सकाळी पुरुषांचा एक रग्बी क्लब सराव करायचा आणि त्या क्लबचे अध्यक्ष अधूनमधून आमच्या कार्यालयात येऊन पंख्याखाली बसायचे. दोन वर्षांपूर्वी ते असेच आले, पण चेहरा घरात कुणी आजारी असल्यासारखा. महिलांचा संघ असल्याशिवाय क्लबला संलग्नता मिळणार नाही, असं त्यांना वरून कळवण्यात आलं होतं. हा क्लबवर फार मोठा अन्याय आहे, असं त्यांनी मला दोनदा समजावलं. त्यांना बारा बायकांची नावं, फोटो आणि झेरॉक्स हवी होती.

"काही करायचं नाही, मॅडम," ते म्हणाले. "फक्त नाव द्यायचं."

बाईनं नुसतं नाव द्यायचं आणि करायचं काहीच नाही, असा प्रस्ताव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. एरवी सगळीकडे उलटं असतं. मी लगेच होकार दिला.

महिन्याभरात दुसरं पत्र आलं. निरीक्षक येणार होते आणि महिलांचा एक सामना स्वतः बघणार होते. आता कागदावरच्या बारा बायकांना हातपाय फुटायला हवे होते, आणि त्याला तीन आठवडे होते. अध्यक्षांनी सगळ्यांना फोन केले. दोघी म्हणाल्या की त्यांनी झेरॉक्स दिली ती गॅसच्या कुठल्या योजनेसाठी. एक म्हणाली, खेळायचं होतं तर आधी सांगायचं, मी बहिणीचं नाव दिलं असतं. शेवटी दहा जणी आलो. मी शाळेत असताना खो-खो खेळले होते, त्या जोरावर मला अनुभवी खेळाडू ठरवण्यात आलं.

आम्हाला शिकवायला जे सर दिले ते रेल्वेत नोकरीला होते आणि होटगीहून मोटरसायकलवर यायचे. चाळिशीचे, कमी बोलणारे. अध्यक्षांनी त्यांना सांगितलं होतं की बायकांना चेंडू हातात घेऊन नीट उभं राहता आलं तरी पुरे. सरांनी ते ऐकून घेतलं आणि पहिल्या दिवसापासून आम्हाला पाडायला सुरुवात केली. आधी पडायला शिकवलं: हनुवटी छातीला, हात अंगाखाली नाही, कुशीवर. मग समोरचीला पाडायला शिकवलं: डोकं तिच्या कमरेच्या एका बाजूला, खांदा मांडीवर, दोन्ही हात आवळून घ्यायचे आणि पाय थांबवायचे नाहीत. तीस वर्षं मला अंग चोरून चालायचं शिक्षण मिळालं होतं. आता कुणीतरी सांगत होतं की अंग पुढं घाल.

कपडे बदलायला आम्हाला मैदानाच्या कडेची खोली मिळाली. तिथं सिमेंटची पोती होती, त्यामुळं आत स्वच्छ गेलेल्या आम्ही बाहेर येताना राखाडी होऊन यायचो. जर्सी पुरुषांच्या जुन्या होत्या. माझी गुडघ्यापर्यंत यायची. अध्यक्ष म्हणाले, बरंच झालं, अंग झाकतंय. त्या जर्सी ठीक केल्या त्या अक्कानं. अक्का शहराच्या पूर्व भागातली, घरात तेलुगू बोलणारी, घरीच शाळेचे गणवेश शिवायची. आमच्यापैकी बहुतेकींपेक्षा मोठी, दोन मुलांची आई. दिवसभर मशीनवर बसून पाठ धरते म्हणून डॉक्टरांनी तिला व्यायाम सांगितला होता. डॉक्टरांच्या डोळ्यासमोर बहुधा सकाळचं चालणं असावं. अक्का ज्या पद्धतीनं माणूस आडवं करायची ते बघून पुरुषांच्या संघातले एक-दोघे आमच्या बाजूला फिरकेनासे झाले. त्याआधी ते रोज येऊन आम्हाला न मागता सल्ले देत होते.

दुसऱ्या आठवड्यात माझ्या दंडावर आणि गालावर निळे डाग उठले. मी ते घेऊन शाळेत गेले, आणि त्या दिवसापासून माझ्याशी सगळे फार गोड वागायला लागले. एरवी दाखल्याच्या एका सहीवरून वाद घालणाऱ्या मराठीच्या बाईंनी मला अर्धा डबा दिला. शिपायानं न मागता चहा आणला. चौथ्या तासाला मुख्याध्यापिकांनी आत बोलावून दार लावलं आणि एक हेल्पलाइनचा नंबर लिहिलेली चिठ्ठी हातात ठेवली. मी म्हणाले, मॅडम, मी रग्बी खेळते. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, त्यांच्या मावसबहिणीनंही सुरुवातीला असंच काहीतरी सांगितलं होतं.

नवरा मारतो यावर साऱ्या शाळेचा एका सकाळीत विश्वास बसला. पुरावा कुणी मागितला नाही. रग्बीवर मात्र कुणाचाच बसेना. आणि माझा नवरा म्हणजे भाजीवालीनं वजनात मारलं तरी स्वतःच ओशाळणारा माणूस. गल्लीतल्या बायका त्याच्याशी बोलायच्या थांबल्या तेव्हा तो हवालदिल झाला. रोज संध्याकाळी गॅलरीत उभा राहून तो कुणालाही ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारायचा, "आज सरावात लागलं का गं?" त्यामुळं संशय पक्का झाला.

शेजारच्या काकूंची बहीण दुधनीत दिलेली. तिच्याकडून बातमी तिथंच राहणाऱ्या माझ्या सासूबाईंपर्यंत गेली. त्या तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आल्या. मला काही विचारलं नाही. माझा गाल हनुवटीला धरून उजेडाकडं वळवून बघितला आणि लेकाला समोर बसवलं. आमच्याकडे रागावणं कानडीत होतं आणि समजूत मराठीत. त्या दिवशी तासभर मराठीचा एक शब्द झाला नाही. नवरा पुन्हा पुन्हा सांगत होता, अव्वा, ती चेंडूचा खेळ खेळते. सासूबाई म्हणाल्या, चेंडूनं असं लागत नाही. मग माझ्याकडं वळून त्यांनी मराठीत सांगितलं की उद्या मी संगट येणार.

आल्या. मैदानाच्या पायरीवर नऊवारी सावरून बसल्या, गळ्यातलं इष्टलिंग पदराखाली, हातात पिशवी. त्यांच्या देखत अक्कानं मला सलग चार वेळा जमिनीवर आपटलं. पाचव्या वेळी मी उठायला वेळ लावला तेव्हा त्यांनी मला हात करून बोलावलं. मला वाटलं, आता घरी चला म्हणतील.

"व्हय ग," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ती तुला पाडती, मग तू तिला का पाडत न्हाईस?"

खरं तर मला दुसऱ्याच्या अंगावर जायची लाज वाटत होती. लागेल तिला, असं मनात यायचं आणि शेवटच्या पावलाला मी ढिली पडायचे. त्या दिवशी मी अक्काला पहिल्यांदा पाडलं. ती खाली पडल्या पडल्या म्हणाली, "हां, आता बरं हाय." सासूबाई त्याच दिवशी परत जाणार होत्या. त्या सामना होईपर्यंत राहिल्या. गल्लीत जाऊन लेकाच्या निर्दोषपणाची ग्वाही त्यांनी स्वतः दिली. त्याची कुणी माफी मागितली नाही, फक्त त्याच्याशी पुन्हा बोलायला लागले.

सामन्याच्या दिवशी शेजारच्या जिल्ह्यातला संघ आला. त्यांच्या मुली खरोखर खेळणाऱ्या होत्या, ते त्यांच्या पोटऱ्या बघूनच कळलं. खुर्च्या, शामियाना, हार, सगळं तयार होतं. मैदानावर चुना मात्र पडायचा राहिला होता, तो सरांनी सकाळी स्वतः टाकला. मग पंच बाई आमची नखं आणि दागिने तपासायला आल्या आणि म्हणाल्या, गळ्यात, हातात, पायात काहीही चालणार नाही.

बांगड्या, जोडवी निघाली. मंगळसूत्राला हात लावायची वेळ आली तेव्हा सगळ्या एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या. अक्का म्हणाली, लग्नापासून काढलेलं नाही, घरी कळलं तर उद्यापासून येणं बंद. चिकटपट्टीनं छातीला चिकटवलं तर चालेल का, असं कुणीतरी विचारलं. पंच बाई नाही म्हणाल्या. अध्यक्ष लांबूनच घड्याळ बघत होते. हा विषय क्लबच्या घटनेत कुठं बसत नव्हता. तेवढ्यात सासूबाई पायरीवरून उठून आल्या, आमच्यामधोमध खाली बसल्या आणि मांडीवर पदर पसरला.

"हितं टाका," त्या म्हणाल्या. "तुमचं हुईस्तवर मी कुटं जात न्हाय." आणि माझं मंगळसूत्र त्यांनी स्वतःच्या हातानं काढलं.

त्यांनी काढल्यावर बाकीच्यांना बोलायला काही उरलं नाही. आठ मंगळसूत्रं त्यांच्या पदरात पडली.

सामना सातजणींचा, सात-सात मिनिटांचे दोन डाव. चौदा मिनिटं म्हणजे काहीच नाही, असं ज्याला वाटतं त्यानं ती एकदा पळून बघावीत. दुसऱ्या मिनिटाला माझ्या तोंडाला लोखंडाची चव आली. त्या मुली आमच्या मधून अशा जात होत्या जशी आमची शाळा सुटल्यावर पोरं फाटकातून जातात. सासूबाईंना मांडीवरच्या ऐवजामुळं उठता येत नव्हतं, म्हणून त्या बसल्या जागेवरून ओरडत होत्या: "अकिन्ना हिडी!" तिला धर, म्हणजे. जवळच शामियान्यात बसलेल्या निरीक्षकांना कानडी येत नव्हती, पण तेही थोड्या वेळानं मान हलवायला लागले.

दुसऱ्या डावात त्यांच्या एकीच्या हातून चेंडू निसटला आणि अक्काच्या छातीवर आला. तिनं तो पकडला आणि ती पळत सुटली. सरळ, मागं न बघता, गणवेशाचा गठ्ठा धरावा तसा चेंडू धरून. तिला कुणी गाठू शकलं नाही. तिनं शेवटची रेषा ओलांडली आणि थांबली. आमच्याकडं वळून हसत उभी राहिली. चेंडू जमिनीला टेकवला तरच ट्राय होतो आणि गुण मिळतात हे तिला माहीत नव्हतं. तेवढ्यात मागून आलेल्या मुलीनं तिला चेंडूसकट मैदानाबाहेर नेऊन पाडलं आणि आमचे एकुलते एक गुण गेले. सरांनी डोक्याला हात लावला. तीन आठवड्यांत त्यांनी आम्हाला पडायला, पाडायला, चेंडू मागं द्यायला, सगळं शिकवलं होतं. गुण कसे घ्यायचे तेवढं राहून गेलं, कारण ती वेळ आमच्यावर येईल असं खुद्द त्यांनाही वाटलं नव्हतं. नंतर त्यांनी अक्काची माफी मागितली. त्या सगळ्या प्रकरणात कुणी कुणाची मागितलेली ती एकच माफी.

आम्ही नऊ ट्रायनी हरलो. निरीक्षकांनी समाधान व्यक्त केलं. गळ्यातलं परत घेताना घाईत दोघींची अदलाबदल झाली, ती दुसऱ्या दिवशी लक्षात आली. दोन्ही नवरे ठणठणीत होते.

अध्यक्षांनी भाषण केलं. आमच्या त्यागाबद्दल बोलले, स्त्रीशक्तीबद्दल बोलले, आणि शेवटी म्हणाले की ताई, आता तुम्ही आराम करा. आम्हाला तो अलंकार वाटला. चार दिवसांनी क्लबचं पत्र शाळेत आलं: मैदानाची सकाळची वेळ यापुढे फक्त मुख्य संघासाठी राहील. पत्र माझ्याच टेबलावर आलं. त्यावर आवक क्रमांकाचा शिक्का मीच मारला, व्यवस्थित, सरळ.

त्या संध्याकाळी मी अक्काच्या घरी गेले. मशीन चालू होतं. मी पत्राचं सांगितलं. तिनं शिलाई पुरी केली, दोरा दातानं तोडला आणि विचारलं की सर कुठं राहतात. मी म्हणाले, होटगी. ती म्हणाली, मग तिकडं मैदान असेल की.

होतं. मैदान म्हणायचं म्हणून. काळ्या मातीचा उघडा तुकडा, उन्हाळ्यात फरशीसारखा आणि पावसाळ्यात चिखल. रविवारी सकाळी दहातल्या सात जणी रिक्षा करून जायला लागलो. सरांनी शिकवायचं थांबवलं नाही. अध्यक्षांना ते कळलं तेव्हा त्यांनी सरांना क्लबमधून मोकळं केलं, आणि सर म्हणाले की बरं झालं, माझे रविवार सुटले. पुढं आणखी दोघी आल्या आणि आम्ही आमचाच क्लब काढला. अर्ज मी लिहिला. कारकून असल्याचा एवढा उपयोग मला नोकरीतही कधी झाला नव्हता.

त्या वर्षभरात चार सामने हरलो. यंदा इंदापूरकडे एक सामना जिंकलो, कॉलेजच्या मुलींशी. त्यांच्यात एक मुलगी कमी होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. परत येताना टेंभुर्णीच्या पुढं जीप चहाला थांबली. आम्ही नऊ बायका, केसांत माती, कोपरं सोललेली, एकीच्या ओठाला बर्फ. हॉटेलचे मालक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला नीट न्याहाळलं आणि अपघात कुठं झाला ते विचारलं. अक्का म्हणाली, खेळून आलोय. काय, म्हणाले. मग तिनं टेबलं थोडी बाजूला सारली, पाण्याचा रिकामा जग बगलेत मारला आणि मला समोर उभं केलं. ते गल्ला सोडून पुढं आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "हळू नका करू, खरं कसं असतंय तसं दाखवा."