चांगुणाने दाखवलेली जवळची वाट

चांगुणा आमच्या वाडीच्या शाळेत वीस वर्षं खिचडी शिजवते. खिचडी करपली तर 'करपली' म्हणून स्वतःच सांगते. असा खरेपणा हल्ली अंगाशी येतो. कसा, ते सांगते.

गेल्या साली हदगाव तालुक्यातल्या आमच्या चार वाड्यांचे वरचे वर्ग उचलून ओढ्यापलीकडच्या मोठ्या गावात एक समूह शाळा काढली. प्रयोगशाळा, संगणक, मैदान. कागदावर काही म्हणून कमी नव्हतं. शाळा घरापासून तीन किलोमीटरच्या पुढे असली तर पोरींना सरकारी खर्चाने रिक्षा, आत असली तर पायी. अंतर मोजायला विस्तार अधिकारी आले ते मे महिन्यात, भर दुपारी.

चांगुणाने त्यांना तांब्याभर ताक दिलं. म्हणाली, "सायब, सडकेनं लई फेरा हाय. एवढ्या उन्हाचं कुठं जाता? चला, जवळची वाट दावते."

आणि कोरड्या ओढ्यातून नेलं! साहेबांनी मोबाइल बघून 'अडीच किलोमीटर' लिहून टाकलं. आमच्याकडे पाहुण्याला लांबची वाट कोणी दाखवत नाही. त्या माणुसकीचा असा पुरावा होईल, हे तिला काय ठाऊक?

जुलैत ओढ्याला कमरेएवढं पाणी आलं. सडकेने नऊ किलोमीटर, एसटी नाही. वाडीच्या सात पोरी घरी बसल्या. त्यात चांगुणाची नात शिवकन्या, आठवीतली. "घरीच हाय तर स्थळ बघू," असं तिचा बाप किशन म्हणायला लागला.

चांगुणा माझ्याकडे आली. "बाई, वाट म्याच दावली हो."

मी तीन अर्ज लिहिले. जन्मभर मास्तरकी केली, अर्ज मला लिहिता येतो. उत्तर आलं: अंतर अडीच किलोमीटर, सबब मागणी अमान्य. म्हटलं, ओढ्यात उभं राहून वाच म्हणावं हे पत्र!

ऑगस्टमध्ये तेच साहेब वाडीची शाळा तपासायला जीपने आले. पोरांची ताटं वाढून झाल्यावर चांगुणा पदराला हात पुसत सरळ जीपमध्ये जाऊन बसली. मागोमाग मी.

"अहो मावशी, उतरा. मला समूह शाळेत मीटिंग आहे."

"मंग तिकडंच चला की. उन्हाळ्यात तुमची वाट दावली, आज पोरींची दावते."

चिखलातून, खड्ड्यांतून जीप हादरत गेली. साहेबांनी वरची दांडी सोडली नाही. शाळेच्या फाटकाशी ड्रायव्हर अकरमने मीटर बघितलं, वही काढली आणि अगदी साळसूदपणे विचारलं, "साब, लॉगबुकात कित्ते लिहू? अडीच का नऊ?"

साहेबांनी वाकून मीटर बघितलं. शेवटी पुटपुटले, "नऊ लिही."

"मंग पोरींच्या कागदावर बी नऊच लिव्हा," चांगुणा म्हणाली.

"तसा प्रस्ताव वर पाठवतो."

"पाठवा. आधी हितं लिव्हा. तवर म्या उतरत न्हाई."

मुख्याध्यापकांनी धावत शाळेची शेरेवही आणली. साहेबांनी बॉनेटवर ठेवून लिहिलं, सही केली. मग कुठे ती उतरली.

रिक्षा सुरू झाली दिवाळीनंतर. तोवर ओढा घोट्याला आला होता! सातांपैकी एकीचं लग्न उरकलं होतं, एक हैदराबादला मामाकडे कामाला गेली होती. शाळेच्या कागदावर त्या दोघी 'गळती' झाल्या. पोरी काय फुटक्या माठातलं पाणी आहेत गळायला? शिवकन्येचं स्थळही जवळपास ठरलेलं. चांगुणाने तिला हाताला धरून रिक्षात बसवलं आणि लेकाला बजावलं, "पावण्यायला सांग, पोरगी शाळेत गेलीय. सुटली की कळवू. चार-सहा वर्षं लागत्याल."

ग्रामसभेत सरपंच शाल-नारळ घेऊन उठले, टाळ्या वाजल्या. चांगुणा जागची हलली नाही.

"त्या दोघींला आणा," ती म्हणाली, "मंग द्या नारळ."

टाळ्या थांबल्या. नारळ सरपंचांच्याच हातात राहिला.