चाकावरचा हात

पाणी शुद्ध करायच्या केंद्रात सगळे त्यांना काका म्हणायचे, अगदी साहेबसुद्धा. फिल्टर धुण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि खरी गोम तिथेच होती. शिकायला कोणी आलं की काका सगळं समजावून सांगायचे, व्हॉल्व्हचं चाक त्याच्या हाती द्यायचे, आणि तो जरा अडखळला की "सरक बाजूला" म्हणून स्वतःच फिरवायचे. शिकाऊ मंडळी आपली बघत उभी. बघून बघून कंटाळली की दुसरीकडे नोकरी धरायची.

आता मात्र काका पार थकले होते. बायकोला अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला. उजव्या हातात जीव नाही, जीभही जड. त्या हाताला काम करू द्या, असं डॉक्टर सांगून दमले. काकांना लांब रजा हवी होती, कारण शेजारणीच्या जिवावर किती दिवस ढकलणार? साहेबांनी स्वच्छ सांगितलं, "फिल्टर सांभाळणारं एक माणूस तयार करा काका, मग खुशाल जा."

"धड माणसंच मिळत नाहीत," काका घरी येऊन कुरकुरले.

बायको पाण्याचा पेला उचलायची खटपट करत होती. एकेक शब्द जुळवत म्हणाली, "अहो, तुम्ही... करू देता का... कुणाला?"

काका चिडले. तिच्या हातातला पेला काढून घेऊन त्यांनीच तिला पाणी पाजलं.

या खेपेची शिकाऊ म्हणजे शिवणकाम सोडून आलेली, दोन पोरांची आई. दुसऱ्या दिवशी तिने फिल्टर धुवायला घेतला. वरचं पाणी उतरवलं, हवा सोडली, सगळं रीतसर. मग खालून पाणी सोडायला चाक फिरवलं, ते भसकन. पाणी उसळलं आणि गाळायची वाळूच गटारात वाहून जायला लागली. काकांचे हात शिवशिवले. पण बायकोचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ते खुर्चीत बसून राहिले.

"काका, काय करू?"

"तूच ठरव, बाई."

तिने पाणी बंद केलं, वाळू खाली बसू दिली, आणि चाक पुन्हा हळूहळू उघडलं. गढूळ पाणी निघून गेलं, मागून नितळ यायला लागलं.

"वाळू गेली हो थोडी," ती ओशाळून म्हणाली.

"वाळू आणता येते," काका म्हणाले. त्यांना घाम फुटला होता.

त्यानंतर रोज फिल्टर तिनेच धुतला, आणि काका रोज हात दाबून बसले. असली बसायची नोकरी त्यांनी जन्मात केली नव्हती. उभं राहण्यापेक्षा बसूनच जास्त दमायला व्हायचं. शेवटी साहेबांनी रजेवर सही केली.

रजेच्या पहिल्या सकाळी बायकोने पेला उचलला. हात थरथरला, पाणी मांडीवर सांडलं. काकांचा हात आपसूक पुढे गेला, तो त्यांनी मागे घेतला. अर्धं पाणी सांडलं, अर्धं तिच्या पोटात गेलं. पेला खाली ठेवायलाही तिला बराच वेळ लागला.

"अजून... हवंय," ती म्हणाली.

काकांनी तांब्या तिच्याकडे सरकवला.