शेपटीमागचा भोवरा

शेजारच्या मॅडम आमच्याकडून रोज चमचाभर दूध नेतात, चहा मात्र कोराच पितात. त्या कॉलेजात फिजिक्स शिकवतात आणि घरी काचेच्या टाकीत माशाच्या शेपटीमागं ड्रॉपरनं दुधाचे थेंब सोडतात. शेपटी हलली की पांढरा भोवरा उठतो, एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं. "बघा, भोवरा मागं सुटला की मासा पुढं!" हे सांगताना त्यांचा तळहातही शेपटीसारखा हलतो.

परवा कालव्याचं आवर्तन संपलं, शेतीला सोडलेलं पाणी बंद झालं. डबकी उरली की आमचं कोल्हार गाव घमेली घेऊन मासे धरायला उतरतं. मॅडमही बादली घेऊन आल्या. चिखलात एक मासा तडफडत होता. मोबाईल हातात धरून त्या नुसत्या बघत राहिल्या. मला रागच आला.

"मॅडम, शूटिंग करताय व्हय?"

"नाही हो. पाणीच नाही, तो शेपटीनं ढकलणार काय?"

त्यांनी मोबाईल पर्समध्ये टाकला, बादलीत डबक्यातलं पाणी भरून मासा त्यात घेतला. मी त्यांच्यामागं प्रवरेपर्यंत गेले. त्यांनी बादली नदीत कलती केली. मासा लगेच दिसेनासा झाला. त्यांचा तळहात मात्र कितीतरी वेळ हलत होता.