नऊ मिनिटांचा मार

किल्ल्या बनवणारे ते गृहस्थ तरुणपणी ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंग खेळून आले होते, हे गल्लीत कुणाला विचारावं लागत नसे. विचारायच्या आधी तेच सांगायचे. किल्ली घासून होईपर्यंत गिऱ्हाइकाला हलता येत नाही, याचा ते पुरेपूर फायदा घेत. आणि सांगायचे काय, तर आपण कसे हरलो. तीन फेऱ्या, नऊ मिनिटं, समोरच्यानं धुणं धोपटावं तसं धोपटलं. "पण पडलो नाही," म्हणायचे आणि किल्लीवरचा कीस फुंकायचे.

त्यांची एकुलती एक लेक वीजबिलांच्या कचेरीत कारकून होती. तिला या गोष्टीची भारी लाज वाटे. जग जिंकल्याच्या बढाया मारतं, आपला बाप हरल्याच्या मारतो. तिच्या सासरची माणसं पहिल्यांदा घरी आली, तेव्हाही चहा निवायच्या आत बाबांनी तिन्ही फेऱ्या उरकल्या होत्या. ती तेवढा वेळ स्वयंपाकघरात तोंड लपवून उभी होती.

म्हणून कोपऱ्यावरच्या व्यायामशाळेनं बाहेरच्या भिंतीवर खेळाडूंच्या नावांचा फलक लावायचं ठरवलं, तशी ती त्याच दिवशी अर्ज घेऊन आली. अट एकच होती, ऑलिंपिकमध्ये निदान एक लढत जिंकलेली हवी. आणि बाबांनी एक जिंकली होती. ट्रंकेतल्या ऑलिंपिकच्या जुन्या निकालपुस्तिकेत तसं छापलेलंच होतं. त्यांनी मात्र त्या विजयाचा कधी चकार शब्द काढला नव्हता. तिनं विजयाच्या रकान्यात 'एक' लिहिलं आणि अर्ज सहीसाठी पुढे ठेवला.

बाबांनी चष्मा लावून वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"हा विजय तुमचाच ना, बाबा?"

"कागदावर माझाच."

मग त्यांनी कधी न सांगितलेलं सांगितलं. लढतीच्या दिवशी सकाळी वजन होतं. त्यांच्यासमोर उतरणारा पोरगा पाव किलोनं जास्त भरला. वजन उतरवायला त्याला एक तास मिळाला. तो घोंगड्या गुंडाळून व्हरांड्यात धावला, डोकं भादरून आला, मगात थुंकत बसला, शेवटी अंगावर चिंधीही न ठेवता काट्यावर चढला. काटा ढिम्म. तो बाद. मग तो तसाच बाकावर बसून राहिला.

"टॉवेल माझ्या खांद्यावर होता गं. दिला नाही मी त्याला. मनातून खूश होतो ना."

पुढे रिंगमध्ये ते एकटेच चढले, पंचानं हात वर केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या लढतीत तो नऊ मिनिटांचा मार बसला. "तेव्हा कुठे जरा बरं वाटलं बघ. ती नऊ मिनिटं माझी आहेत."

इतकी वर्षं लेकीनं ज्याला बापाचा भोळसटपणा मानलं होतं, त्याच्या मुळाशी हे होतं. तिला स्वतःचीच शरम वाटली. तरी फलकावर त्यांचं नाव हवं होतंच, अगदी मनापासून हवं होतं. बाबांना ते चेहऱ्यावर दिसलं असावं. त्यांनी अर्ज ओढून सही केली आणि म्हणाले, "तुझ्या मनात आहे तर जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी ती व्यायामशाळेच्या कार्यालयात गेली. टेबलापाशी 'एक' खोडून तिनं 'शून्य' लिहिलं आणि अर्ज पुढे सरकवला. तिथल्या कारकुनानं अर्जासोबतची पुस्तिका उघडून पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. भला माणूस होता. पुस्तिकेत धडधडीत एक छापलंय, शून्यावर नाव लागत नाही, हातचं कशाला घालवता, असं त्यानं परोपरीनं समजावलं. पन्नास वर्षांपूर्वीचं आता कोण बघायला येणार, असंही म्हणाला.

"बाबा बघतील ना," ती म्हणाली. "रोज याच रस्त्यानं दुकानात जातात."