पाऊस कमी पडतो, असं मी सांगितलं

परभणीला शेतकी शिकणारा एक आफ्रिकन विद्यार्थी मागच्या फाल्गुनात आमच्या कुरुंद्याला हळद शिजवण्याची पद्धत पाहायला आला. महिला गटाच्या बॉयलरची पाळी मी लावते, म्हणून पाहुणाही माझ्याकडेच आला. सवयीनं मी यादी केली : काय दाखवायचं, जेवायला काय, काय विचारायचं. शेवटचा प्रश्न त्याच्या देशाच्या राष्ट्राध्यक्षाचा होता. बातम्यांत ऐकलं होतं, निवडणुकीत गोलमाल करून तो वर्षानुवर्षं खुर्चीवर आहे. पाश्चात्त्य देशांनी निर्बंध लावले तरी शेजारचे आफ्रिकी देश त्याचीच बाजू घेतात.

जेवताना मी इंग्रजीत विचारलं, "असल्या माणसाला तुमचे शेजारी पाठीशी का घालतात?"

त्यानं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "माझी बहीण त्याच्या विरोधात उघड बोलायची. मग बाहेरच्यांनी निर्बंधांचा दोर आवळला. लगेच शेजारचे अध्यक्ष विमानानं आले, त्याला मिठी मारून गेले. आज याला हाकलतील, उद्या आपल्याला, असं त्यांना वाटलं. त्यांचं अगदीच चूक नव्हतं; गोऱ्यांचं राज्य त्यांच्या घरांनी भोगलंय. पण त्या दिवसापासून बहिणीला लोक गोऱ्यांची म्हणू लागले. औषधं तिच्या दवाखान्यातली संपली, त्याच्या बंगल्यातली नाही. तिला मात्र कुणीच विचारलं नाही. ना गोऱ्यांनी, ना शेजाऱ्यांनी."

वाढणारी बाई हातात परात घेऊन थांबली होती. जवळच्या तांड्यावरची, एकटीनं शेती करणारी. "काय म्हनून राहिला ओ ताई त्यो? लई येळ बोलला."

मी मान खाली घालून भाकरी कुस्करत होते.

दोन वर्षांपूर्वी हीच माझ्याकडे आली होती. तांड्याचा नाईक सामाईक विहिरीवर तिला पाण्याची पाळी देत नव्हता. मी तिथल्या तिथे ठरवलं, नाईक बदलेपर्यंत तांड्याला बॉयलर नाही. तिला न विचारता सगळा तांडा यादीतून खोडला. रेघ पट्टी लावून मारली होती.

चार दिवसांत आजूबाजूच्या तांड्यांचे नाईक फेटे बांधून आले आणि या नाईकाच्या शेजारी बसले. "आमचा नाईक आमी बघू. गाववाल्यांनी काहून सांगावं?" एकेकाळी गावानं त्यांना वेशीवर अडवलेलं ते विसरले नव्हते, मला कधी आठवलंच नव्हतं. त्यांनी दुसरीकडून बॉयलर आणला. सगळ्यांची हळद शिजली, हिची सोडून. "तुजी गावातली ताई शिजवंल की," म्हणाले. ती आलीही होती माझ्याकडे. मी म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. तिची काढलेली हळद पाल्याखाली ढिगातच कुजली. नाईक अजून नाईकच आहे.

"म्हणतो, त्यांच्याकडे पाऊस कमी पडतो," मी तिला सांगितलं.

"एवढं बोलला, आन नुसता पाऊस?" ती हसली आणि तिनं पाहुण्याच्या ताटात ठेचा वाढला. "खा रे लेकरा. पडंल पाऊस."

पावसाचं ते खोटं मी वर्षभर वागवलं. यंदाची यादी करताना तांडा पुन्हा घेतला, तिचं नाव सर्वांत वर लिहिलं, आणि तेवढ्यानं भागत नाही हे कळल्यावर तांड्यावर गेले. ती हळद खणत होती. तिच्या सरीच्या कडेला बसून पाहुण्याचं उत्तर आठवेल तसं सगळं सांगितलं.

"मला तवाच कळलं व्हतं," ती म्हणाली. "बोलून राहिला त्यो, आन मान तुमी खाली घातली." मग खणणं थांबवून विचारलं, "त्याच्या बहिनीचा दवाखाना पुन्ना चालू झाला का?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

मी यादी पुढे केली. "यंदा तुझी पाळी पहिली."

तिनं मातीचं बोट वरच्या ओळीवर ठेवलं. तिला वाचता येत नाही; आपलं नाव तेवढं ओळखते. "खोडा ते. सगळ्या तांड्याच्या मागं लिवा. म्होरं लिवलं तर पुन्ना मला तुमची म्हन्तील."

मी खोडलं. पट्टी नव्हती, रेघ वाकडी आली.